बाहत्तरावी जागा

आरेंदाल, ४ सप्टेंबर १९२२

रेक्टर फाल्कुमनी आज रसायनाच्या वर्गात मूलद्रव्यांचा नवा तक्ता टांगला. चित्रकलेच्या मास्तरांनी हाताने रंगवलेला. जर्मन तक्त्यांत बाहत्तराव्या चौकोनात नुसती आडवी रेघ असते. आमच्या तक्त्यात तिथे लाल अक्षरांत 'हाल्वदानियम' असं आहे. शेजारी प्रश्नचिन्ह हवं, असा माझा आग्रह होता. घातलंय, पण इतकं बारीक की माशी बसून गेली असावी असं वाटतं.

"ट्वेइट, देश स्वतंत्र होऊन सतरा वर्षं झाली," रेक्टर म्हणाले. "स्वीडिश लोकांच्या एका खेड्याच्या नावाने चार मूलद्रव्यं आहेत. चार! आपलं एकसुद्धा नको?"

"ते माझ्या मुलाचं नाव आहे, देशाचं नाही."

"मुलगा देशाचाच होता ना?" म्हणाले आणि निघून गेले. शेवटचं वाक्य आपलंच असावं म्हणून माणसं रेक्टर होतात.

मूलद्रव्यांचे दावे तपासणाऱ्या परदेशातल्या समितीने मात्र स्पष्ट कळवलंय. माझ्या वर्णपटातल्या दोन नव्या रेघा त्यांना पुरेशा वाटत नाहीत. क्ष-किरणांची परीक्षा झाली, तर चौकोन माझा. नाही झाली तर नाही. ते यंत्र आमच्याकडे कुठलं? सगळ्यात जवळचं कोपनहेगनला. म्हणजे माझ्या पोराचं नाव राहणार की जाणार, हे डेनिश माणसांनी ठरवायचं. चारशे वर्षं आमच्यावर राज्य करून सगळं ठरवतच होते म्हणा.

१० सप्टेंबर

आमचं काम कुणाला सांगण्यासारखं नाही. सांगितलं की लोक कीव करतात. खाणीतून काळा दगड आणायचा, कुटायचा, आम्लात विरघळवायचा. त्यातून जे कुटुंब हाती लागतं त्याला दुर्मीळ मृदा म्हणतात. पंधराएक भावंडं, सगळी एका चेहऱ्याची. एकाला जे आम्ल लागू पडतं ते सगळ्यांना लागू पडतं. वेगळं करायचा एकच मार्ग. द्रावण आटवायचं, खडे बसले की खडे डावीकडच्या बशीत आणि वरचं पाणी उजवीकडच्या बशीत. मग पुन्हा आटवायचं. धुणीघरात खिडकीखाली बशांची रांग लागलेली आहे, आणि वर्षानुवर्षं आम्ही दोघं ती सरकवत आहोत. अगदी उजवीकडच्या बशीत एकाहत्तरावं, म्हणजे ल्युटेशियम, जमतं. त्याच्याही मागे लपलेलं जे आहे, ते माझं बाहत्तरावं.

आस्लाउगचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. खडे न हलवता पाणी ओतायला बायकोसारखी बायकोच हवी. पण तिला त्यात रस नाही. इतक्या वर्षांत तिने एकदाही 'हाल्वदानियम' म्हटलेलं नाही. म्हणते, "तुझं ते."

पोरगा होता तोवर ती मला 'बाबा' म्हणायची आणि मी तिला 'आई'. इथे सगळीच जोडपी तसं म्हणतात. इन्फ्लुएंझाच्या साथीत तो राजधानीत, क्रिस्तियानियाला, वारला. एकोणिसावं लागलं होतं. त्या शरद ऋतूपासून ती मला 'ट्वेइट' म्हणते, शाळेतल्या मास्तरांसारखी. मी तिला नावाने हाक मारतो. काही बिघडत नाही.

१ ऑक्टोबर

रविवार. पाद्रीबुवांनी विचारलं, "मूलद्रव्याला माणसाचं नाव, हे ख्रिस्ती माणसाला शोभतं का?"

मी म्हटलं, "आपल्याकडे मेलेल्या माणसाचं नाव नातवाला देतात, तेव्हा आपण 'नाव ठेवलं' म्हणतो का? 'वर बोलावलं' म्हणतो. आजोबाला वर बोलावलं, आत्याला वर बोलावलं. मी माझ्या मुलाला वर बोलावलं. नातू नाही, म्हणून धातूत बोलावलं."

पाद्रीबुवा दुसऱ्या घोळक्याकडे वळले. जिंकल्यासारखं वाटलं, पण घरी येईपर्यंत टिकलं नाही. गावात माझी कीर्ती अशी, की मी एका नावाने जगाला नमवणार. आणि जगाची रीत अशी, की आपण नाव ठेवलं की ते नावं ठेवतं.

खोकला आहे. डॉक्टरांनी ब्रँडीची चिठ्ठी दिली. दारूबंदी आल्यापासून आमच्या गावाइतका खोकला अख्ख्या नॉर्वेत नसेल.

८ ऑक्टोबर

ब्रेके कोपनहेगनहून परत आला. लाउरित्स ब्रेके, आमचा भौतिकाचा मास्तर. तिशीतला, हुशार, आणि तिथे एका डेनिश मुलीशी साखरपुडा केलेला. म्हणजे त्याची बुद्धी दोन्ही बाजूंनी गहाण. उन्हाळाभर तिथल्या संस्थेत व्याख्यानं ऐकत बसला होता. आज आमच्याकडे कॉफीला आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "ट्वेइट, एक गोष्ट सांगायची आहे, रागावू नका."

"म्हणजे रागावण्यासारखी आहे."

"बाहत्तरावं दुर्मीळ मृदांमध्ये असूच शकत नाही. ती रांग एकाहत्तरावर भरते."

आस्लाउग ओट्यापाशी भांडी पुसत होती. म्हणाली, "कसली रांग?"

मग ब्रेकेने साखरेचे खडे टेबलावर मांडले आणि चर्च बांधलं. मधोमध वेदी, म्हणजे अणुकेंद्र. तिच्याभोवती कवचं, म्हणजे बाकांच्या रांगा. पहिल्या रांगेत दोनच जागा, दुसरीत आठ, तिसरीत अठरा, चौथीत बत्तीस. जितका क्रमांक तितके इलेक्ट्रॉन, आणि प्रत्येकाला आपली जागा. "आपल्या जुन्या चर्चमध्ये कसं, अमक्या शेताचा अमका बाक. कोणीही कुठेही बसत नाही."

"पुढे?" मी म्हटलं.

"पुढे गंमत. या कुटुंबाची पाळी येते तेव्हा मागच्या, म्हणजे दाराजवळच्या रांगांत माणसं आधीच बसलेली असतात. पण आत, चौथ्या रांगेत, चौदा जागा रिकाम्या. नवा येणारा मागे बसत नाही, आत जाऊन त्या रिकाम्या जागेत बसतो. दारातून बघणाऱ्याला काय दिसतं? शेवटी बसलेले तेच तिघे. रसायन दारातूनच बघतं, ट्वेइट. म्हणून तुमची भावंडं सगळी एका चेहऱ्याची. चौदा आले, एकाहत्तरावर चौथी रांग भरली. बाहत्तरावा येईल तो मागे, दाराशी बसणार. तिघांचे चौघे. तो तुमच्या कुटुंबातला नाहीच. तो जिर्कोनियमच्या घरचा."

मी म्हटलं, "ब्रेके, हे कुणी मोजलं?"

"मोजलं नाही. गणिताने काढलं."

"म्हणजे देवाघरचे बाक डेनिश प्राध्यापकाने घरी बसून भरले. माझ्याकडे दगड आहे, बशा आहेत, रेघा आहेत. त्याच्याकडे साखर आहे."

ब्रेके ओशाळून हसला. मला बरं वाटलं. आस्लाउगने मात्र साखरेचा शेवटचा खडा उचलला आणि चौथ्या रांगेपाशी धरून म्हणाली, "मग याला इथे जागाच नाही?"

"नाही, फ्रू ट्वेइट," ब्रेके म्हणाला.

तिने खडा पुन्हा साखरदाणीत टाकला. बायकांना आवराआवरीची फार घाई.

१५ ऑक्टोबर

आस्लाउगला पुन्हा तेच स्वप्न. पोरगा दारात उभा, टोपी हातात, आत येत नाही. तिची आई म्हणायची, ज्याला वर बोलावलं नाही तो नाव मागायला येतो. मी म्हटलं, "त्याला बोलावलंय की! तक्त्यावर आहे तो."

"मग तो दारातच का उभा राहतो?"

बंदरापलीकडच्या खेड्यातली ही समजूत. मी तिच्याशी वाद घालत नाही. खोकला तसाच. नवी चिठ्ठी आणली.

२ नोव्हेंबर

उजवीकडच्या शेवटच्या बशीचा वर्णपट पुन्हा घेतला. माझ्या दोन्ही रेघा पूर्वीपेक्षा गडद! धुणीघरात ओरडलोच. आस्लाउगने वर्णपटाच्या फोटोची काच उजेडाकडे धरली, बराच वेळ.

"एकाहत्तरच्या रेघासुद्धा गडद झाल्यात," ती म्हणाली.

"होणारच. शेजारी आहेत."

"तुझ्या रेघा तितक्याच वाढल्या जितक्या त्याच्या वाढल्या. प्रत्येक वेळी तसंच होतं. दुधावरची साय दुधाबरोबरच वाढावी तशी."

"मग?"

"मग काही नाही. वेगळी माणसं असती तर एक पुढे गेलं असतं, एक मागे राहिलं असतं."

मी तिला समजावलं की शेवटच्या बशीत दोघांची गर्दी असल्यामुळे तसं दिसतं. ती "बरं" म्हणाली आणि पुढची बशी चुलीवर ठेवली. तिला वर्णपटातलं फारसं कळत नाही, पण हात काय चालतो! हल्ली तर मी सांगायच्या आधीच धुणीघरात असते.

१९ नोव्हेंबर

ब्रेके नाताळात कोपनहेगनला चाललाय, होणाऱ्या सासुरवाडीला. मी शेवटच्या बशीतला माल कुपीत भरला. पांढरी पूड, चिमटीभर. वरच्या चिठ्ठीवर नाव दोनदा लिहावं लागलं. खोकल्याने.

"नका देऊ," ब्रेके म्हणाला. मला नवल वाटलं. "समितीला लिहा, अजून काम चालू आहे. वर्षभर कुणी विचारणार नाही. क्ष-किरण म्हणजे हजेरी असते, ट्वेइट. प्रत्येक मूलद्रव्य आपला क्रमांक सांगतं, आणि खोटं सांगत नाही."

"माझाही सांगेल की."

"तुम्ही फार हट्टी आहात."

"आणि तुम्ही फार डेनिश."

त्याने कुपी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, लग्नाची अंगठी ठेवावी तशी. आस्लाउग दारापर्यंत त्याच्यामागे गेली. काय बोलले ऐकू आलं नाही. परत आल्यावर विचारलं तर म्हणाली, "म्हटलं, पडू देऊ नका."

१३ डिसेंबर

वर्तमानपत्रात आलंय. परवा स्टॉकहोमला कोपनहेगनचे तेच प्राध्यापक पारितोषिक घ्यायला उभे राहिले आणि भाषणाच्या शेवटी सांगून टाकलं की त्यांच्या संस्थेतल्या दोघांना बाहत्तरावं सापडलं. कुठे? जिर्कॉनमध्ये, म्हणजे जिर्कोनियमच्या खनिजात. जिर्कॉन कुठला? नॉर्वेचा!

आमचा काळा दगड विरघळवताना जिर्कोनियमचा गाळ आधी वेगळा निघतो. आम्ही तो लाकडाच्या खोपटामागे ओततो. वर्षानुवर्षं.

रेक्टर शाळेच्या पायऱ्यांवर भेटले. "ट्वेइट, म्हणजे आपलं मूलद्रव्य गेलं?"

"सापडलं ते त्यांचं. माझं तपासायचं बाकी आहे."

"एका चौकोनात दोन कशी बसतील?"

 रेक्टरांना पहिल्यांदाच शेवटचं वाक्य न्यायाने मिळालं. पण खरंच, माझ्या रेघा कुठे जातील? त्या काचेवर आहेत. डोळ्यांनी दिसतात. त्यांचं बाहत्तरावं चुकीचं असू शकतं. मोठी माणसं मोठ्या सभेत चुकतात, हा इतिहास आहे.

आस्लाउगने जेवताना काही विचारलं नाही. मटण-कोबी केला होता. मी दोनदा वाढून घेतला, म्हणजे तिला वाटू नये की मला काही वाटतंय.

२४ डिसेंबर

लिहिण्यासारखं नाही.

९ जानेवारी १९२३

ब्रेके आला. कोट काढला नाही. मी ओळखलं, पण खुर्ची पुढे केली.

"किती रेघा?" मी विचारलं.

त्याने फिल्मची पट्टी टेबलावर ठेवली. काळ्या पट्टीवर रेघा, स्वच्छ, सरळ, पोलीस शिपायांसारख्या. "या सगळ्या एकाहत्तरच्या. ही एक फिकट, सत्तरची. बस."

"बाहत्तरची जागा कुठे येते?"

त्याने बोट ठेवलं. तिथे काही नव्हतं. मी भिंग आणलं. भिंगातून तिथे जास्त मोठं काही नव्हतं.

"मग माझ्या दोन रेघा?"

"त्यासुद्धा एकाहत्तरच्याच, ट्वेइट. आजवर कुणाला दिसल्या नव्हत्या, कारण इतकं शुद्ध एकाहत्तर आजवर कुणाकडे नव्हतं. तिथले सगळे थक्क झाले. अहो, खरंच सांगतो! म्हणाले, ही पूड आम्हाला ठेवू द्या. दुसऱ्यांचं एकाहत्तर तपासायला आम्ही हिच्याशी ताडून बघू."

म्हणजे मी आयुष्यभर एका दारावर थापा मारत होतो आणि ते दार इतकं घासून चकचकीत केलं की लोक आता ते बघायला येतील. आत खोलीच नाही.

"कुपीवर काय लिहिलंय त्यांनी?" आस्लाउगने विचारलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

ब्रेके माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "सांगा."

"ल्युटेशियम. ट्वेइट, आरेंदाल."

"ती जुनी चिठ्ठी काढली?"

"काढावी लागली, फ्रू ट्वेइट."

"कुठे आहे ती?"

ब्रेकेला माहीत नव्हतं. तो लाल झाला. कॉफी न घेता गेला. चिठ्ठीचं एवढं काय, मला कळलं नाही. चिमूटभर कागद.

१० जानेवारी

सकाळी धुणीघरात गेलो तर आस्लाउग बशा धूत होती. सगळ्या. डावीकडून उजवीकडे.

"हे काय?"

"झालं ना आता."

"तुला आनंद झालेला दिसतोय."

ती वळली नाही. "मला ऑक्टोबरातच कळलं होतं. ब्रेकेंनी साखर मांडली तेव्हा."

"मग तीन महिने बशा कशाला सरकवत होतीस?"

"तू इथे त्याचं नाव घेतोस. 'हाल्वदानचं पाणी ओत', 'हाल्वदानला आच कमी कर.' घरात घेत नाहीस."

मी म्हटलं, हे विज्ञान आहे, आस्लाउग, पोरखेळ नाही. तिने पुढची बशी घेतली. मी आत येऊन बाटली काढली. रिकामी. डॉक्टर म्हणाले, आता खोकला ऐकू येत नाही, चिठ्ठी कशाची देऊ? हात दाखवून अवलक्षण. समितीला दोन ओळी लिहून टाकल्या की दावा मागे घेतो. त्यात नावाचा उल्लेख करावा लागणार होता. 'उपरोक्त पदार्थ' असं लिहून भागवलं.

२८ जानेवारी

कोपनहेगनवाल्यांनी नाव जाहीर केलं. त्यांच्या शहराच्या लॅटिन नावावरून, हाफ्नियम. आपल्याच बंदराचं नाव. हाल्वदान या नावाचा अर्थ 'अर्धा डेनिश'. माझ्या बापाचं नाव, म्हणून मुलाला दिलं होतं, अर्थ कोण बघतो? तर आता अर्धा डेनिश गेला आणि पूर्ण डेनिश आला. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर बीळही माझं नव्हतं.

ब्रेके शिक्षकांच्या खोलीत मला टाळतो. मीही त्याला टाळतो. खोली लहान असल्याने दोघांनाही फार चालावं लागतं.

आस्लाउग संध्याकाळी खिडकीशी बसून असते. बशा स्वयंपाकघरात आल्यात. काल एकीत मीठ घातलेला हेरिंग मासा होता. "धुतल्यात नीट," म्हणाली. स्वप्नाचं विचारलं, तर म्हणाली, "आता नाही येत तो."

मी म्हटलं, चला, बरं झालं.

५ फेब्रुवारी

रेक्टरांचा निरोप, तक्ता दुरुस्त होणार. चित्रकलेचे मास्तर लाल रंगावर पांढरा देऊन वर काळ्याने लिहितील. "पण मुलांच्या वह्यांतही ते आहे, ट्वेइट. परीक्षेत कुणी लिहिलं तर बोर्ड शून्य देईल. तुम्हीच सांगा त्यांना. तुमच्या तोंडून बरं वाटेल." कुणाला बरं वाटेल ते नाही सांगितलं.

तिसऱ्या तासाला वर्गात गेलो. म्हटलं, वह्या काढा. मूलद्रव्यांचं पान. बाहत्तर. सापडलं? हाल्वदानियम खोडा.

धुणीघराबाहेर इतक्या मोठ्याने ते नाव मी कधी घेतलं नव्हतं.  गाव लहान आहे. कोण हाल्वदान, हे पोरांना माहीत आहे. त्यातल्या दोघांचे मोठे भाऊ त्याच्या वर्गात होते. कुणी टाक उचलेना.

पहिल्या बाकावरच्या इंगा ल्योव्होल्मने हात वर केला. "सर, एक रेघ मारायची की दोन?"

"एक पुरे."

मग सगळे टाक एकदम चालले. कागदावर टाकाचा आवाज असा असतो, हे इतकी वर्षं शिकवूनही लक्षात आलं नव्हतं.

"त्याच्या जागी काय लिहू, सर?"

स्पेलिंग फळ्यावर लिहून दिलं. जिर्कोनियमच्या खाली, शेवटच्या रांगेत चार, हेही सांगितलं. बाक, वेदी, साखर, सगळं ब्रेकेसारखंच समजावलं, आणि मुलांना चटकन कळलं. चांगली कल्पना आहे. मान्य करावं लागेल.

घंटा व्हायला वेळ होता. त्र्याहत्तरावं शिकवलं.